शून्याखाली अठरा

नाताळ उलटला आणि काल्डर नदी
टॉडमॉर्डनच्या वाचनालयात शिरली.
नाव नोंदवलं नाही, शांतता पाळली नाही,
खालचे तीन कप्पे एका रात्रीत वाचून
तशीच पुढे गेली.

आमच्याकडे गोष्ट सांगतात,
नदीत बुडवलेल्या वह्या
तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्याची.
या नदीला ती कुणी सांगितली नसावी.
तिसऱ्या दिवशी पुस्तकं फुगून
कप्प्यांत अशी रुतली होती
की काढायला पहार लागली.

जॅनिस म्हणाली, घाईनं सुकवाल तर बुरशी धरेल.
आधी गोठवा. मग बघू.
एवढा मोठा फ्रीझर गावात एकाकडेच,
ऑर्मरॉड खाटकाकडे.
शाळा सुटल्यापासून पुस्तकाला हात न लावलेला माणूस.
त्यानं मेंढ्यांची धडं एका अंगाला सरकवली,
म्हणाला, "किती किलो आहेत?"

सहाशे चाळीस किलो.
मी लिहून घेतलं. औषधांच्या दुकानात
मिलिग्रॅम मोजणारी बाई मी,
साहित्याचं वजन पहिल्यांदाच करत होते.
कादंबऱ्या, भूगोल, स्वेटरचे नमुने,
आणि माझ्या तळघरातली,
साताऱ्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेली सतरा.
सगळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत,
चरबीच्या वासात,
शून्याखाली अठरा अंशांवर.

फेब्रुवारीत एकेक बाहेर काढू लागलो.
दुकानामागच्या खोलीत, पंख्यासमोर,
पानापानांत टिपकागद घालत.
सगळ्यांत हलका हात ऑर्मरॉडचा निघाला.
हाडावरून मांस सोडवावं
तसा तो पानावरून पान सोडवी,
एक अक्षर न दुखावता.

आणि सोडवता सोडवता वाचायला लागला.

त्या पुस्तकाचं कव्हर वाहून गेलं होतं.
नाव नाही, कुणी लिहिलं ते नाही.
मिठागरावरची एक बाई
परागंदा भावाला दरवर्षी पत्र लिहिते,
टाकत नाही.
दोन पानं सुटली की दोन पानं,
ऑर्मरॉड ओठ हलवत वाचायचा.
बाहेर गिऱ्हाईक घंटी वाजवत राही,
आतून हा ओरडे,
"थांबा जरा, भाऊ बंदरावर उतरलाय!"

शेवटची अकरा पानं मात्र दगड झालेली.
याचा जीव टांगणीला.
जॅनिस म्हणाली, भेटले असणार.
पोस्टमन म्हणाला, पत्रं सापडली असणार,
पत्रं सापडतातच.
मला विचारलं, तर मी म्हटलं,
बाई गेली असेल.
दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

मार्च सरता सरता ती पानं सुटली.
त्यात काय होतं ते सांगत नाही.
एवढंच, की आमच्यापैकी कुणाचंच
खरं ठरलं नाही.
रक्ताळलेल्या एप्रनसकट तो
पायरीवर बसून राहिला, समोर नदी,
आता घोट्याएवढी, अगदी साळसूद.
"मला राग आलाय," म्हणाला.
बऱ्याच वेळानं, "दुसरं कुठलं आहे?"

माझ्या सतरांपैकी नऊ वाचली.
त्याला समजावून सांगितलं,
आमच्या भाषेत पुस्तक वाचणं
आणि बुडता बुडता वाचणं,
शब्द एकच.
त्यानं तो शब्द काट्यावर ठेवल्यासारखा
क्षणभर तोलला.
"मग बरोबर आहे की," म्हणाला,
आणि किमा बांधायला वळला.

पुस्तकं परत गेली कप्प्यांत,
खालचा कप्पा आता रिकामाच ठेवतात.
हीटर चालू केला की अजून
भूगोलाला मटणाचा वास येतो.
त्या बिननावाच्या पुस्तकाला
ऑर्मरॉडनं दुकानातला तपकिरी कागद चढवलाय,
आणि भाव लिहायच्या जाड पेननं वर लिहिलंय,
शेवट कुणाला सांगू नये.